समुद्राकडे पाठ फिरवणारी नदी

नदी म्हटली की ती डोंगरात उगम पावावयाची, मैदानातून वाहावयाची आणि अखेरीस समुद्राला मिळावयाची, असे आपण गृहीत धरून चालतो. सह्याद्रीच्या कुशीत जन्मलेल्या गोदावरीने व कृष्णेने पूर्वसमुद्र गाठण्यासाठी केवढा दूरचा प्रवास पत्करला आहे! भीमा स्वतः समुद्रापर्यंत जात नाही. तथापि आपले पाणी कृष्णेच्या हाती सोपवून तीही कृतार्थ होते. परंतु आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागात एक मोठी नदी अशी आहे, की तिची व समुद्राची कधीच भेट होत नाही. अँगोला देशाच्या पठारावर ती उगम पावते. अटलांटिक महासागर तेथून फार दूर नाही. पण त्याच्याकडे पाठ फिरवून ती आग्नेय दिशेला वळते, आणि सुमारे १,६०० किलोमीटर वाहत जाऊन आपले सारे पाणी कालाहारीच्या तहानलेल्या वाळूवर पसरून देते. ह्या नदीचे नाव ओकावांगो.

समुद्राला मिळाली नाही म्हणून ही नदी वाया गेली, असे मात्र कोणी समजू नये. जेथे ती संपते तेथेच तिचे खरे वैभव सुरू होते. बोट्स्वाना देशातील ह्या प्रदेशाला ‘ओकावांगोचा त्रिभुज प्रदेश’ असे म्हणतात. पाणी, गवत, बेटे आणि वन्य प्राणी ह्यांचा असा मेळ जगात क्वचितच आढळतो. २०१४ साली ‘युनेस्को’ ह्या आंतरराष्ट्रीय संस्थेने त्याची जागतिक वारशात गणना केली, व त्या यादीत त्याला हजारावे स्थान मिळाले.

ह्या प्रदेशाची रचना ध्यानात यावयाची असेल, तर आपला उजवा हात टेबलावर पालथा ठेवावा व बोटे पसरावीत. नदी बोट्स्वानात शिरते ती मनगटासारख्या अरुंद पट्ट्यातून. पुढे तळहात लागतो. तेथे पाणी पसरते व बाराही महिने टिकून राहते. त्यानंतर बोटे फुटतात. ह्या शाखा कधी भरतात, कधी कोरड्या पडतात. भूकवचाला पडलेल्या प्राचीन भेगांमुळे येथील जमीन खचली आणि नदीच्या वाटेत एक उथळ खोलगट भाग निर्माण झाला. नदीने त्यात युगानुयुगे वाळू आणून टाकली व ती स्वतः त्या वाळूवर पसरत राहिली. बोटांच्या टोकाशी आणखी एक भेग आडवी गेलेली आहे. उरलेसुरले पाणी तिच्या कडेने वाहणाऱ्या थामालाकाने नावाच्या नदीत गोळा होते, व माउन गावावरून पुढे जाऊन वाळवंटात नाहीसे होते. नदीने आणलेल्या शंभर घागरी पाण्यांपैकी जेमतेम दोन घागरी येथून पुढे जातात. बाकीचे पाणी काही प्रमाणात जमिनीत मुरते, आणि बहुतांश ऊन व वनस्पती मिळून आकाशाला परत करतात.

ह्या नदीची सर्वांत मोठी नवलाई तिच्या पुराच्या वेळेत आहे. आपल्याकडे आषाढात पाऊस कोसळला की दोन दिवसांत नदीला पूर येतो. ओकावांगोची चाल तशी नाही. अँगोलाच्या पठारावर नोव्हेंबर ते मार्च ह्या महिन्यांत पाऊस पडतो. ते पाणी कुबांगो व क्विटो ह्या दोन प्रवाहांतून एकत्र येते, नामिबियाची चिंचोळी पट्टी ओलांडते आणि मार्च-एप्रिलच्या सुमारास त्रिभुज प्रदेशाच्या तोंडाशी पोहोचते. येथून पुढे मात्र त्याचा वेग अगदी मंदावतो. सुमारे २५० किलोमीटरच्या अंतरात जमिनीला उतार आहे तो केवळ ६० मीटरांचा; म्हणजे एका किलोमीटरला जेमतेम एक वीत! त्यातून वाटेत दाट गवत व लव्हाळी उभी. त्यामुळे हे अंतर तोडावयास पाण्याला तीन-चार महिने लागतात, आणि दक्षिण टोकाच्या माउन गावी पूर पोहोचतो तो जून, जुलै किंवा ऑगस्टमध्ये.

विषुववृत्ताच्या दक्षिणेला ऋतू आपल्या उलट असतात, हे आपण भूगोलात शिकलो आहोत. जून-जुलै म्हणजे तेथला हिवाळा. ह्या दिवसांत बोट्स्वानात पावसाचा थेंबही पडत नाही. पाणवठे आटलेले असतात, गवत वाळून पिवळे पडलेले असते, झाडांची पाने गळत असतात. नेमक्या अशा वेळी, निरभ्र आकाशाखाली, शेकडो कोस दूर चार-पाच महिन्यांपूर्वी पडलेला पाऊस नदीच्या रूपाने येऊन दाखल होतो! तो गर्जना करीत येत नाही. पाण्याची एक पातळ जीभ वाळूवरून सरपटत पुढे येते. वाळलेली पाने व काड्या तिच्या टोकावर तरंगत असतात. बिळांतून कीटक लगबगीने बाहेर पडतात आणि त्यांना टिपण्यासाठी पक्षी पाण्याच्या पुढे पुढे नाचत असतात. पूर भरात आला की पाण्याखालचे क्षेत्र जवळजवळ दुपटीने वाढते. मग आजूबाजूच्या कोरड्या मुलुखातून हत्ती, रानम्हशी, झेब्रे, जिराफ व हरणांचे कळप ह्या पाण्याच्या ओढीने येतात, आणि त्यांच्या मागोमाग सिंह, बिबळे, तरस व रानकुत्रेही येतात. ह्या एका प्रदेशात सस्तन प्राण्यांच्या १३० आणि पक्ष्यांच्या ४८२ जातींची नोंद झालेली आहे.

हे सर्व पाहण्यासाठी जगभरातून प्रवासी येतात. त्यांच्या प्रवासाला ‘सफारी’ असे म्हणतात. हा शब्द ऐकून आपल्याला परकेपणा वाटण्याचे कारण नाही. मूळ अरबी ‘सफर’ शब्द पूर्व आफ्रिकेच्या स्वाहिली भाषेत जाऊन ‘सफारी’ झाला, आणि तोच शब्द फारसीच्या वाटेने मराठीत येऊन ‘सफर’ म्हणून नांदू लागला. एकाच आईची ही दोन लेकरे. एके काळी सफारी म्हणजे बंदुका घेऊन केलेली शिकार, असा अर्थ रूढ झाला होता. आज बहुतेक प्रवासी बंदुकीऐवजी दुर्बीण घेऊन जातात. चला, आपणही मनाने ही सफर करू या.

पाण्यावरच्या प्रवासाचे येथील वाहन म्हणजे ‘मोकोरो’ ही डोंगी होय. एका मोठ्या झाडाचे खोड कोरून ती पूर्वी तयार करीत. आपल्या कोकणातल्या एकसंध खोडाच्या होडीशी तिचे सहज नाते जुळावे. बायेई नावाचे लोक अठराव्या शतकात उत्तरेकडून येथे आले व त्यांनी ही डोंगी आपल्याबरोबर आणली. नावाडी मागच्या टोकावर उभा राहतो आणि एक लांब काठी तळाशी रोवून डोंगी पुढे रेटतो. वल्ह्यांचा आवाज नाही, यंत्राची घरघर नाही. प्रवाशाचे डोळे पाण्याच्या पातळीपासून हातभरच उंच असतात. त्यामुळे लव्हाळ्यांच्या भिंती दोन्ही बाजूंनी डोक्यावर चढतात, आणि कमळे अगदी गालाशी येऊन टेकतात. कमळाच्या पानावरून लांब बोटांचा कमळपक्षी तुरुतुरु चालत जातो. उंच झाडावर मत्स्यगरुड मान मागे टाकून साद घालतो. दूर पाणथळीत तांबूस रंगाची लेच्वे हरणे उड्या घेत पळतात. त्यांच्या खुरांनी उडालेले पाणी उन्हात चमकते. हल्ली बहुतेक डोंग्या लाकडाऐवजी काचतंतूंच्या केलेल्या असतात. वाढावयास शंभराहून अधिक वर्षे लागणारे झाड काही वर्षांच्या डोंगीसाठी तोडू नये, हा विचार त्यामागे आहे.

डोंगी एखाद्या बेटाला लागते. ह्या प्रदेशात अशी हजारो बेटे आहेत. ती कोणी निर्माण केली, असे विचारले तर उत्तर ऐकून आश्चर्य वाटेल. त्यांपैकी पुष्कळशा बेटांचा पाया घालणारी शिल्पकार आहे वाळवी! पाणी ओसरलेल्या जागी वाळवी मातीचे उंच, टणक वारूळ उभारते. पुढे पूर येतो, पण वारुळाचा माथा पाण्याबाहेर राहतो. पक्षी त्यावर विसाव्याला बसतात व त्यांच्या विष्ठेतून झाडांची बीजे तेथे पडतात. बीज रुजते, झाड वाढते, त्याच्या सावलीत आणखी झाडे येतात. वारुळाचे बेट होते, आणि शेकडो वर्षांत ते एवढे मोठे होते, की हत्तींचा कळप त्यावर दिवसभर उभा राहावा.

बेटाच्या कडेला हिरवीगार झाडे, परंतु मध्यभागी गेल्यावर उघडी, पांढरट जमीन दिसते. ही पांढरी खूण म्हणजे ह्या प्रदेशाचे एक मोठे रहस्य आहे. जेथे पाणी येते पण वाहून जात नाही, तेथे क्षार साठत जातात व पाणी खारट होते. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर हे त्याचे आपल्या घरचे उदाहरण. मग ओकावांगोचे पाणी हजारो वर्षे ह्या खोलगट भागात येऊन आटत असता गोडे कसे राहिले? त्याचे श्रेय ह्या झाडांना आहे. बेटाच्या कडेची झाडे मुळांनी पाणी ओढून घेतात व पानांवाटे हवेत सोडतात. क्षार मात्र जमिनीतच राहतात. हळूहळू ते बेटाच्या मध्याखाली साचतात, आणि तेथील पाणी जड होऊन खोल जमिनीत उतरते. मध्यभागी झाड जगत नाही हे खरे. पण सभोवतालचे सारे पाणी पिण्याजोगे राहते. बेटाने आपल्या पोटात खारटपणा घ्यावा आणि भोवतालच्यांना गोडे पाणी द्यावे, अशी ही निसर्गाची व्यवस्था आहे.

वाळवी व झाडे ह्यांच्याइतकेच काम पाणघोडेही करतात. हे अजस्र प्राणी दिवसभर पाण्यात डुंबतात आणि रात्री चरावयास बाहेर पडतात. त्यांच्या रोजच्या जाण्यायेण्याने लव्हाळ्यांतून वाटा पडतात. एखादा प्रवाह वाळूने व वनस्पतींनी तुंबला, की पाणी ह्या वाटांनी नवा मार्ग शोधते. हत्ती झाडे मोडतात, पण त्यांच्या शेणातून दूरदूर बीजे पसरतात. अशा रीतीने हा प्रदेश एकदाच घडून थांबलेला नाही. लहानमोठ्या असंख्य जीवांच्या हातून तो नित्य घडत असतो.

बेटावर पायी फिरताना सर्वांनी वाटाड्याच्या मागे एका रांगेत चालावयाचे असते. शासनाची परीक्षा देऊन परवाना मिळविल्याखेरीज येथे कोणाला वाटाड्या होता येत नाही. परंतु त्याची खरी शाळा म्हणजे हे रानच. आपण पुस्तक वाचतो तशी तो जमीन वाचतो. वाळूतील पाऊलखुणेची कड धारदार आहे की वाऱ्याने मोडली आहे, ह्यावरून प्राणी किती वेळापूर्वी गेला हे तो ताडतो. शेणाचा ओलावा, मोडलेल्या काडीचा रंग, वानरांचा इशारा, ह्यांतील काहीही त्याच्या नजरेतून सुटत नाही. झुडपांमागून लहान पक्ष्यांचा थवा एकदम चित्कारत उडाला, तर तो हात वर करून सर्वांना थांबवितो. कारण ते पक्षी रानम्हशींच्या अंगावरील गोचिड्या टिपणारे असतात, आणि ते जेथून उडाले तेथे रानम्हैस असण्याचा संभव असतो. तो अधूनमधून चिमूटभर धूळ हवेत सोडून वाऱ्याची दिशा पाहतो. आपला गंध प्राण्यांकडे जाऊ नये, अशा बेताने तो वाट आखतो. सिंह समोर आल्यास पळू नये, हा त्याचा पहिला धडा. कारण जो पळतो तो सिंहाच्या दृष्टीने भक्ष्य ठरतो.

सायंकाळी प्रवासी रानातील छावणीवर परततात. तंबूंची ही वस्ती असते. तिच्याभोवती भिंत नसते, कुंपणही बहुधा नसते. रात्री हत्ती तंबूंच्या मधून चालत जातात, आणि सकाळी त्यांची पावले दारातल्या वाळूवर उमटलेली दिसतात. म्हणूनच अंधार पडल्यावर एकट्याने तंबूबाहेर पडू नये, असा येथे कडक नियम आहे. शेकोटी मंदावते. लव्हाळ्यांत राहणारे इवलेसे बेडूक ओरडू लागतात. त्यांचा आवाज काचेच्या अनेक घंटा एकदम किणकिणाव्यात तसा भासतो. मधूनच पाणघोड्याचे खोल हुंकार ऐकू येतात. शांत रात्री सिंहाची गर्जना सात-आठ किलोमीटरांवरूनही ऐकू येते. अशा वेळी माणसाला एक गोष्ट न सांगता उमगते. येथे यजमान ते आहेत. आपण पाहुणे आहोत.

परंतु ओकावांगो म्हणजे केवळ पशुपक्ष्यांचे राज्य नव्हे. बुगाख्वे व इतर सान लोक येथे फार प्राचीन काळापासून शिकार व मासेमारी करून राहत आले. बायेई व हांबुकुशु लोकांनी पूर ओसरल्यावर ओल्या जमिनीत पिके घेण्याची कला साधली. त्यांच्या स्त्रिया ताडाच्या जातीच्या झाडाच्या पात्यांपासून ज्या टोपल्या विणतात, त्यांची कीर्ती आज देशोदेशी गेली आहे. बातावाना लोकांचे राज्य ह्या भागात होते. माणसांच्या व गुरांच्या वस्तीला ह्या पाणथळ भागात आवर घातला तो एका क्षुद्र माशीने. त्सेत्से नावाची ही माशी चावली की माणसांना निद्रारोग जडतो व गुरेही रोगाने मरतात. २००१ व २००२ साली विमानांतून औषध फवारून तिचा नायनाट करण्यात आला. तोपर्यंत, कोणी न नेमलेला हा पहारेकरी ह्या रानाची राखण करीत होता.

माणसाने आपण होऊन राखण करण्याचे ठरविले तो प्रसंग त्याहून मोलाचा आहे. विसाव्या शतकाच्या मध्याला येथे शिकार बेसुमार वाढली होती व प्राण्यांचे कळप झपाट्याने घटत होते. त्या वेळी बातावाना लोकांची सत्ता एका स्त्रीच्या हाती होती. दिवंगत राजे तिसरे मोरेमी ह्यांच्या पत्नी एलिझाबेथ पुलाने मोरेमी ह्या राज्यकारभार पाहत होत्या. देश अद्याप स्वतंत्र झालेला नव्हता. तरीही कोणा परकीय अधिकाऱ्याच्या हुकमाची वाट न पाहता ह्या लोकांनी स्वतःच्याच भूमीचा एक भाग शिकारीला कायमचा बंद केला. १९६३ साली स्थापन झालेले हेच ते मोरेमी अभयारण्य. आफ्रिकेतील स्थानिक लोकांनी आपल्या मालकीच्या जमिनीवर आपण होऊन उभारलेले अभयारण्य म्हणून त्याचा गौरव होतो. पुढे राजघराण्याची खास शिकारीची जागा असलेले ‘चीफ्स आयलंड’ हे विस्तीर्ण बेटही त्यात सामील करण्यात आले. ज्या रानात राजाने शिकार करावयाची, तेच रान प्राण्यांना आंदण मिळाले!

ह्या त्यागाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. अभयारण्य झाले तेव्हा बुगाख्वे लोकांना आपली जुनी वस्ती सोडून ख्वाई नदीच्या पलीकडे जावे लागले. ज्यांचे त्या रानाशी सर्वांत जुने नाते, त्यांनाच त्याची किंमत मोजावी लागली. आजही नदीकाठच्या शेतकऱ्यांपुढे प्रश्न उभा आहेच. २०२२ सालच्या गणनेनुसार बोट्स्वानात सुमारे १,३०,००० हत्ती आहेत. इतके हत्ती जगातील दुसऱ्या कोणत्याही देशात नाहीत. एका रात्रीत हत्तींचा कळप वर्षाचे पीक फस्त करतो. शेतकरी मिरचीची पूड शेणात कालवून तिच्या गोवऱ्या शेताच्या बांधावर जाळतात. त्या तिखट धुराने हत्ती दूर राहतात. २०१४ साली देशात शिकारीवर बंदी घालण्यात आली व २०१९ साली ती उठविण्यात आली. त्यावरून झालेला वाद अजूनही मिटलेला नाही. रानाचे रक्षण करावे ह्याविषयी दुमत नाही. पण त्याचा भार कोणी किती सोसावा, हा प्रश्न अवघड आहे.

माणसाने घातलेली आडकाठी निसर्ग किती लवकर विसरतो, ह्याचे एक उदाहरण येथे पाहावयास मिळते. रानम्हशींपासून गुरांना लाळ्या-खुरकुताची लागण होऊ नये म्हणून १९६८ साली ह्या प्रदेशाच्या कडेने तारेचे एक लांबच लांब कुंपण घालण्यात आले. पाऊस सुरू होताच येथील झेब्र्यांचे कळप पूर्वेकडील माखाडिखाडी नावाच्या खाऱ्या मैदानांकडे जात असत. त्यांची ती वाट अडली. २००४ साली ते कुंपण काढून टाकण्यात आले. मधल्या छत्तीस वर्षांत झेब्र्यांच्या कित्येक पिढ्या होऊन गेल्या होत्या. ती वाट पाहिलेला एकही झेब्रा जिवंत असणे शक्य नव्हते. तरीही काही वर्षांतच, झेब्र्यांच्या गळ्यात माग काढणारे पट्टे बांधून अभ्यास करणाऱ्या संशोधकांना दिसून आले, की कळप पुन्हा अडीचशे किलोमीटरांहून लांबचा प्रवास करून त्या मैदानांकडे जाऊ लागले आहेत. वाट मोकळी करणे एवढेच माणसाचे काम होते. चालावयाचे काम त्यांनी केले.

आज ओकावांगोचे भवितव्य एका देशाच्या हाती नाही. पाऊस पडतो अँगोलात, पाणी वाहते नामिबियातून, आणि वैभव फुलते बोट्स्वानात. अँगोलात १९७५ पासून २००२ पर्यंत यादवी युद्ध चालले. आता तेथील जनतेला शेती हवी आहे, वीज हवी आहे. नामिबिया तर अतिशय कोरडा देश. दुष्काळाच्या तडाख्यात सापडल्यावर १९९६ च्या सुमारास त्याने ह्या नदीचे पाणी नळाने आपल्या राजधानीकडे नेण्याची योजना आखली होती. पुढे पाऊस झाला व ती मागे पडली. तहानलेल्याने पाणी मागणे हा काही अपराध नव्हे. परंतु उतारच जेथे वीतभर, तेथे वर अडविलेल्या थोड्याशा पाण्यानेही खाली फार मोठा फरक पडतो. वाळू अडली तर नवे प्रवाह फुटावयाचे नाहीत. पूर आला नाही तर बेटे सुकावयाची. हे ओळखून तिन्ही देशांनी १९९४ साली एक आयोग स्थापन केला व नदीविषयीचे निर्णय परस्परांशी विचारविनिमय करून घेण्याचे ठरविले. प्रवाशांच्या बाबतीतही बोट्स्वानाने असाच संयम पाळला आहे. माणसे थोडी यावीत, पण त्यांनी मोल अधिक द्यावे, असे त्या देशाचे धोरण आहे. कारण पाहणाऱ्यांची गर्दी झाली तर पाहावयाचे काही उरणार नाही, हे त्याने जाणले आहे.

बोट्स्वानाच्या त्स्वाना भाषेत पावसाला ‘पुला’ म्हणतात. त्या देशाच्या चलनाचे नाव पुला, त्याच्या राजमुद्रेवरील ब्रीदवाक्य पुला, आणि सभेच्या शेवटी लोक एकमुखाने जो शुभघोष करतात तोही पुलाच. ज्या भूमीत पाणी दुर्मीळ, तिला पावसाहून मोठा आशीर्वाद कोणता असणार? आपल्या भाषेतही पाण्याला ‘जीवन’ असा शब्द आहे. तो आपण इतक्या सहजपणे उच्चारतो, की त्याच्या अर्थाकडे आपले लक्ष जात नाही. ओकावांगो नदी समुद्राला मिळत नाही. पण वाळवीपासून हत्तीपर्यंत आणि कमळापासून माणसापर्यंत सर्वांच्या ठायी ती जीवन होऊन राहते. तिने आपला वाटा पुरेपूर दिला आहे. वाळवी, वृक्ष आणि पाणघोडे हेही आपापले काम निमूटपणे करीत आहेत. आता प्रश्न उरतो तो एकट्या माणसाच्या वाट्याचा.

स्वाध्याय

१. ओकावांगो नदीला कोरड्या ऋतूत पूर का येतो, ते सविस्तर लिहा.
२. वारुळापासून बेट कसे तयार होते, त्याचा क्रम सांगा.
३. पाणी आटत असूनही ह्या प्रदेशातील पाणी गोडे का राहते?
४. ‘येथे यजमान ते आहेत, आपण पाहुणे आहोत.’ ह्या वाक्याचा आशय स्पष्ट करा.
५. मोरेमी अभयारण्याच्या स्थापनेत कोणाचा त्याग दिसतो व कोणाला किंमत मोजावी लागली? तुमचे मत लिहा.
६. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : कृतार्थ होणे, आंदण मिळणे, फस्त करणे, पाठ फिरवणे.
७. तुमच्या गावच्या नदीचे, ओढ्याचे किंवा तळ्याचे पाणी कोठून येते व कोठे जाते, ह्याची माहिती वडीलधाऱ्यांना विचारून दहा ओळींत लिहा.